हिपॅटायटिस बी बरा करायला निघालेल्यांना खुलं पत्र

प्रति,
उपचारात्मक लसी बनवणाऱ्या औषध कंपन्यांचे प्रमुख, या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्था आणि औषध नियामक

सप्रेम नमस्कार.

हिपॅटायटिस बी मला जन्मतःच मिळाला, आईकडून. तिला तो आहे हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं. पुढे लिव्हरच्या कॅन्सरने ती गेली. माझ्या मुलीपर्यंत मात्र तो पोचला नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मी टेनोफोव्हिर ही विषाणू दाबून ठेवणारी गोळी घेत होते आणि तिला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस टोचली गेली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी मला लसविरोधकांच्या रांगेत बसवू नये. लशीने आमच्या घरातली ही साखळी तोडली आहे. माझं भांडण आहे ते दुसऱ्या लसींबद्दल, ज्या आधीच आजारी असलेल्यांसाठी बनतात आणि अर्ध्या वाटेवर सोडून दिल्या जातात.

मी ज्या चाचणीत सहभागी होते ती मध्येच बंद झाली. कारण एका ओळीत कळवलं गेलं: कंपनीच्या प्राधान्यक्रमात बदल. लस घातक निघाली असं पत्रात म्हटलं नव्हतं आणि निष्फळ ठरली असंही म्हटलं नव्हतं. त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण हा एका कंपनीचा दोष नाही. सगळ्या क्षेत्राचीच ही सवय झाली आहे, म्हणून पत्रही सगळ्यांना.

या विषयात नसलेल्या वाचकांसाठी थोडं मागे जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी होता आणि त्या एका वर्षात ११ लाख माणसं त्याने गेली. आज मिळणाऱ्या गोळ्या, म्हणजे टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर, विषाणूला स्वतःच्या नकला काढू देत नाहीत. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत दिसेनासा होतो, सिऱ्हॉसिसचा (लिव्हरवर व्रण साचून ते कडक होण्याचा) आणि कॅन्सरचा धोका बराच उतरतो. गोळ्या चांगल्या आहेत, मी रोज घेते. पण लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात विषाणूचा गोलाकार डीएनए, ज्याला सीसीसीडीएनए म्हणतात, ठाण मांडून बसलेला असतो आणि गोळी त्याला हात लावत नाही. म्हणून गोळी बहुतेकांना आयुष्यभर. एचबीएसएजी हे विषाणूच्या आवरणाचं प्रथिन. ते रक्तातून नाहीसं झालं, विषाणूचा डीएनएही दिसेनासा झाला आणि उपचार थांबवल्यावर निदान सहा महिने दोन्ही परतले नाहीत, तर डॉक्टर त्याला फंक्शनल क्युअर म्हणतात. नुसत्या गोळ्यांवर हे वर्षाला शंभरात एकालाही साधत नाही.

मोठेपणी लागण झालेल्या शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं शरीर मात्र हाच विषाणू स्वतःच आवरतं. कुठलंही औषध नसताना. त्यांच्या टी-पेशी, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, जागच्या जागी काम करतात. जन्मतः लागण झालेल्या बाळांत नेमकं उलट होतं, दहातल्या नऊ जणांत तो कायमचा राहतो. उपचारात्मक लशीमागचा विचार इथूनच निघतो: जे काम त्या पंचाण्णवांच्या टी-पेशी करतात ते आमच्या टी-पेशींना शिकवायचं.

घोडं कुठे पेंड खातं तेही सगळ्यांना माहीत आहे. हा विषाणू नुसतंच रिकामं आवरणही प्रचंड प्रमाणात रक्तात सोडतो. खऱ्या विषाणूंच्या हजार ते लाख पट असे पोकळ कण फिरत असतात. रेल्वेरुळांना लागून राहणाऱ्याला काही काळाने गाडीचा आवाज ऐकूच येईनासा होतो, तसं आमच्या टी-पेशींचं होतं. त्या अँटिजेनला, म्हणजे विषाणूच्या ओळखीच्या खुणेला (इथे एचबीएसएजी), सरावतात, थकतात, पीडी-१ नावाचा ब्रेक अंगावर घेऊन गप्प बसतात आणि काही कायमच्या नष्ट होतात. अशा शरीरात आणखी थोडा तोच अँटिजेन टोचून काय होणार?

फारसं काही झालं नाही, हे गेल्या वीसेक वर्षांत वारंवार दिसलं. यीस्टवर आधारलेली जीएस-४७७४ ही लस २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळ्यांवरच्या रुग्णांचं एचबीएसएजी म्हणावं तसं खाली आणू शकली नाही. चीनमध्ये अँटिजेन आणि अँटीबॉडी यांचं संयुग करून बनवलेल्या लशीची गोष्ट तर फार बोलकी आहे. दुसऱ्या टप्प्यात सहा डोस दिले तेव्हा आशा दिसली. तिसऱ्या टप्प्यात डोस बारा केले, आणि ज्यांना लशीऐवजी नुसता अॅल्युमिनियमचा क्षार टोचला होता त्यांच्यापेक्षा लसवाल्यांचा निकाल सरस आला नाही. डोस वाढवला की परिणाम वाढतो, हे थकलेल्या प्रतिकारशक्तीला लागू होत नाही. मला वाटतं या एका चाचणीतून बाकी अनेकांपेक्षा जास्त शिकायला मिळालं, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

मग उपाय काय, हेही तुमच्याच प्रयोगशाळांनी सांगितलं. आधी एसआयआरएनएसारख्या (विषाणूची प्रथिनं बनवण्याचे संदेशच कापणाऱ्या) औषधाने एचबीएसएजीचा लोंढा कमी करायचा. मग एका प्रकारच्या लशीने टी-पेशी आणि अँटीबॉडी जाग्या करायच्या. मग दुसऱ्याच प्रकारच्या लशीने त्यांना जोर द्यायचा. पहिल्या डोसला वापरलेला वाहक विषाणू (लशीतला अँटिजेन शरीरात नेणारा निरुपद्रवी विषाणू) शरीर ओळखू लागतं आणि तोच पुन्हा दिला तर ते त्यालाच मारत बसतं, म्हणून दुसरा डोस वेगळ्या वाहकातून. त्याबरोबर हवं तर ब्रेक सैल करणारं औषध, अगदी कमी मात्रेत. लशीत फक्त आवरणाचं प्रथिन पुरत नाही. गाभ्याचं आणि पॉलिमरेजचंही (विषाणूच्या नकला काढणारं प्रथिन) हवं. बाळांना देतात त्या प्रतिबंधक लशीत सहसा फक्त आवरण असतं, म्हणून ती आम्हाला टोचून उपयोग होत नाही.

म्युनिकच्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांवर हे दाखवलं. ज्या उंदरांच्या रक्तात अँटिजेन फार होता त्यांच्यात नुसती लस हरली. आधी एसआयआरएनएने अँटिजेन उतरवला आणि मग प्रथिनाची लस व तिच्यामागून एमव्हीएची लस दिली, तर विषाणू आटोक्यात आला. (एमव्हीए म्हणजे देवीच्या लशीचंच एक दुबळं केलेलं रूप, कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत पाचशेहून अधिक वेळा वाढवून निरुपद्रवी केलेलं. देवीचा रोग गेला, त्याच्या लशीचा वंश असा कामी येतो आहे, हे मला फार आवडतं.) उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. पण माणसांतही दिशा तीच दिसते. चिंपांझीच्या अॅडिनोव्हायरस या सर्दीच्या प्रकारातल्या विषाणूवर बेतलेला पहिला डोस आणि एमव्हीएचा दुसरा, अशा व्हीटीपी-३०० या जोडीचा परिणाम मुख्यतः त्यांच्यात दिसला ज्यांचं एचबीएसएजी सुरुवातीलाच कमी होतं. बेपिरोव्हिर्सेन हे अँटिजेन उतरवणारं औषध २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चोवीस आठवडे दिलं, तेव्हा साधारण दहातल्या एकाला उपचारानंतरचे चोवीस आठवडे विषाणूमुक्त ठेवता आलं. एकट्या औषधाने दहात एक. उरलेल्या नवांचं काय, या प्रश्नाचं संभाव्य उत्तर तुमच्याच शेजारच्या कंपनीच्या फ्रीजरमध्ये आहे.

आणि इथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी. एकट्याने चालणार नाही हे माहीत असूनही तुम्ही लस एकटीच तपासता. कारण वैज्ञानिक नसतं. अँटिजेन उतरवणारं औषध दुसऱ्याच्या मालकीचं असतं. मग लस एकटी मैदानात उतरते, अपेक्षेप्रमाणे हरते, गुंतवणूकदार नाक मुरडतात, आणि लस गुंडाळली जाते. ज्या परिस्थितीत ती यशस्वी होण्याची शक्यता होती ती परिस्थिती तिला कधी मिळतच नाही. हे हिपॅटायटिस सी मध्ये घडून गेलं आहे. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर ही दोन वेगळ्या कंपन्यांची औषधं एकत्र दिल्यावर उत्कृष्ट निकाल आले, २०१४ मध्ये प्रसिद्धही झाले. तरी दोघांनी मिळून पुढचा टप्पा केला नाही. सोफोसबुव्हिरच्या मालकांनी स्वतःच्या घरचंच दुसरं औषध त्याला जोडलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती पहिली जोडी शिफारशीत घेतली आणि जेनेरिक रूपात ती असंख्य लोकांपर्यंत पोचली. हिपॅटायटिस सी च्या रुग्णांच्या नशिबाने दुसरे पर्यायही चांगले निघाले. हिपॅटायटिस बी च्या रुग्णांकडे दुसरा पर्याय नाही.

एकत्र येणं अशक्य नाही, हे तुमच्यातल्याच काहींनी सिद्ध केलं आहे. इम्डुसिरान हे एसआयआरएनए एका कंपनीचं आणि व्हीटीपी-३०० दुसरीची. दोन्ही एकाच चाचणीत दिली गेली. ब्री-१७९ ही लस आणि एलेबसिरान हे एसआयआरएनए औषधही असंच एकत्र तपासलं गेलं. म्हणजे वकिलांना करार करता येतात. इच्छा असली की.

नियामकांचं म्हणणं मला माहीत आहे: दोन्ही औषधं नवी असतील तर दुष्परिणाम कोणाचा ते कळणार कसं? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर चाचणीच्या रचनेत आहे. एका गटाला फक्त औषध, एकाला फक्त लस, एकाला दोन्ही, आणि सगळ्यांना मिळून एकच तुलनागट. २०२० मध्ये कोविडच्या काळात ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने अनेक औषधं एकाच छत्राखाली तपासली आणि डेक्सामेथासोन जीव वाचवतं हे काही महिन्यांत दाखवलं. घाईच्या आजारात जे जमलं ते सावकाश मारणाऱ्या आजारात का जमू नये, याचं पटेल असं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही.

दुसरी तक्रार: फसलेल्या चाचण्यांचे निकाल गुलदस्त्यात राहतात. परिषदेत एक पोस्टर, गुंतवणूकदारांसाठी एक निवेदन, त्यात ‘प्रोत्साहक’ हा शब्द, आणि मग शांतता. अपयशातून काय मिळतं ते पाहायचं असेल तर एआरसी-५२० चं उदाहरण घ्या. ते एसआयआरएनए औषध २०१६ मध्ये थांबलं. पण २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष तपशिलात प्रसिद्ध झाले आणि सगळ्या क्षेत्राला एक मोठी गोष्ट कळली: अनेक रुग्णांत एचबीएसएजी हे सीसीसीडीएनएमधून कमी आणि माणसाच्याच गुणसूत्रांत घुसलेल्या विषाणूच्या तुकड्यांतून जास्त बनतं. औषध ज्या जागेवर नेम धरत होतं ती जागाच त्या तुकड्यांत शिल्लक नव्हती. त्यानंतरची औषधं दोन्हीकडून येणारा माल अडवेल अशा बेताने आखली गेली. ते निष्कर्ष कपाटात राहिले असते तर पुढच्या कित्येकांनी त्याच भिंतीवर डोकं आपटलं असतं.

तिसरी तक्रार माझ्या जिव्हाळ्याची आहे. टी-पेशी मोजण्यासाठी साधं रक्त पुरत नाही. हिरव्या झाकणाच्या नळ्या एकामागून एक भरतात, इतक्या की नर्स मध्ये थांबून ‘चक्कर येतेय का’ विचारते. त्या नळ्या काही तासांत प्रयोगशाळेत पोचाव्या लागतात, पेशी वेगळ्या करून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवाव्या लागतात. आमच्यातल्या काहींनी याहून जास्त दिलं आहे. बारीक सुई बरगड्यांमधून लिव्हरमध्ये घालून तिथल्या पेशी काढू दिल्या आहेत, कारण खरी लढाई लिव्हरमध्ये असते आणि रक्तात तिचा पुसटसा पत्ता लागतो. सुई आत जाताना श्वास रोखून धरायला सांगतात. मी धरला होता. दुखतं, पण सहन होण्यासारखं. चाचणी बंद झाल्यावर त्या पेशींचं काय झालं? मी लेखी विचारलं. उत्तर आलं की नमुन्यांची विल्हेवाट ‘धोरणानुसार’ होईल. लशीमुळे माझ्या टी-पेशी जाग्या झाल्या होत्या की नाही, इतकंही मला सांगितलं गेलं नाही. मला लस मिळाली की प्लासिबो, म्हणजे लशीऐवजी दिलेलं निष्क्रिय इंजेक्शन, तेही नाही.

चौथी, तुम्ही कोणाला घेता ते. प्रवेशाचे निकष वाचले की वाटतं, आजार ज्यांना जास्त छळतो त्यांना टाळण्यासाठीच ते लिहिले आहेत. सिऱ्हॉसिस नको, एचआयव्ही नको, हिपॅटायटिस डी नको, एचबीएसएजी फार नको. सुरक्षिततेसाठी पहिल्या टप्प्यात हे समजू शकते. शेवटपर्यंत तेच निकष राहतात ते का? हिपॅटायटिस डी असलेल्यांचा आजार सगळ्यांत वेगाने बळावतो आणि डी चा विषाणू बी च्याच आवरणावर जगतो, म्हणजे एचबीएसएजी घालवणाऱ्या उपचाराची गरज त्यांना पहिली. नव्या लागणींपैकी ६३ टक्के जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागात होतात, पण या लसींच्या चाचण्यांची केंद्रं तिथे क्वचित. विषाणूचे जनुकीय प्रकार प्रदेशागणिक बदलतात. एका प्रकारावर बेतलेली लस दुसऱ्याला चालेल की नाही हे आधी तपासायला नको का?

तरुणांनाही ‘इम्यून टॉलरंट’ (प्रतिकारशक्ती विषाणूला सहन करणारे) असं लेबल लावून वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की या मुलांच्या आणि तरुणांच्या टी-पेशी मोठ्या वयाच्या रुग्णांपेक्षा कमी थकलेल्या असतात. लशीला प्रतिसाद देण्याची शक्यता जिथे जास्त, तिथेच तुम्ही दार लावून घेतलं.

पाचवी. लशीनंतर गोळी थांबवून पाहायची, हा अनेक चाचण्यांचा भाग असतो. त्याशिवाय बरं झालं की नाही कळत नाही, मान्य. पण गोळी थांबवणं हा खेळ नाही. रीफ-२ या चाचणीत प्लासिबो गटातल्या, म्हणजे नवं औषध अजिबात न मिळालेल्या एका सहभागीने गोळी थांबवल्यावर विषाणू उसळला, लिव्हर निकामी झालं आणि प्रत्यारोपण करावं लागलं. संशोधकांनी ते प्रामाणिकपणे प्रसिद्ध केलं. त्यांना त्याचं श्रेय देते. पण त्यातून शिकलेले सावधगिरीचे नियम सगळ्या चाचण्यांत सारखे नाहीत, आणि चाचणी मध्येच बंद झाली तर गोळी थांबवलेल्यांकडे लक्ष कोण देणार, याबद्दल संमतीपत्रात एखादं मोघम वाक्य असतं.

आता मागण्या. एकही अशी नाही जी तुम्हाला परवडणार नाही.

अँटिजेन उतरवणारं औषध ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते इतरांच्या लशींबरोबरच्या चाचण्यांसाठी ठरलेल्या, रास्त अटींवर उपलब्ध करावं. निधी देणाऱ्या संस्थांनी पैसा देतानाच ही अट घालावी. युरोपीय संघाच्या पैशावर थेरव्हॅक-बी हा उपचारात्मक लशीचा प्रकल्प उभा राहिला. सार्वजनिक पैसा जिथे आहे तिथे ही अट घालण्याचा अधिकारही आहे.

एक सामायिक चाचणी उभी करा, एका तुलनागटाची, ज्यात नवी लस नंतरही सामील होऊ शकेल. नियामकांनी अशा चाचणीसाठी लेखी मार्गदर्शक सूचना काढाव्यात, म्हणजे कंपन्यांना ‘परवानगीच मिळणार नाही’ ही सबब उरणार नाही.

टी-पेशींचं मोजमाप सगळ्यांनी एकाच पद्धतीने करावं. आज एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही, आणि मग जो तो आपलं घोडं पुढे दामटतो.

चाचणी पूर्ण होवो की बंद पडो, वर्षभरात निकाल संपूर्ण प्रसिद्ध व्हावेत आणि सहभागींना त्यांच्या भाषेत कळवले जावेत. कोणाला काय मिळालं होतं, हे सुद्धा.

गोठवलेले नमुने नष्ट करण्याआधी इतर संशोधकांना देऊ करावेत. त्यासाठी संमती हवी असेल तर विचारा. बहुतेक जण हो म्हणतील, आणि जो नाही म्हणेल त्याचा नकार पाळा.

गोळी थांबवलेल्या प्रत्येकाचा निदान एक वर्ष पाठपुरावा आणि गरज पडल्यास उपचार, यांचा खर्च चाचणी सुरू होण्याआधी वेगळा काढून ठेवा. कंपनी विकली गेली तरी तो पैसा जाग्यावर राहील अशा रीतीने.

आणि तिसऱ्या टप्प्याआधी हिपॅटायटिस डी, एचआयव्ही व कॉम्पेन्सेटेड सिऱ्हॉसिस (लिव्हर कडक झालं तरी अजून काम निभावतं आहे असा) असलेल्यांसाठी स्वतंत्र गट. जिथे आजार जास्त आहे तिथे केंद्रं.

मला हेही माहीत आहे की २०२२ च्या अखेरीस जगातल्या या रुग्णांपैकी फक्त १३ टक्क्यांना आपल्याला आजार असल्याचं कळलेलं होतं आणि जेमतेम ३ टक्के औषधांवर होते. कुणी म्हणेल, आधी साध्या गोळ्या तरी सगळ्यांपर्यंत पोचवा, मग बरं करण्याच्या गप्पा मारा. हे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाही. आयुष्यभर रोज गोळी पुरवणं जिथे व्यवस्थेला जमत नाही, तिथेच ठरावीक मुदतीत संपणाऱ्या उपचाराची गरज जास्त आहे.

या पत्राचं उत्तर खाजगीत नको, जाहीर द्या. कोणत्या मागण्या मान्य, कोणत्या नाहीत आणि का, एवढं पुरे. दोन लशी आणि एक अँटिजेन उतरवणारं औषध एकत्र तपासणारी चाचणी वरच्या अटींवर कुणी सुरू केली, तर मी पुन्हा नाव द्यायला तयार आहे. लिव्हरमधल्या सुईसकट.

आपली,
हिपॅटायटिस बी सह जगणारी एक चाचणी-सहभागी